परक्या ताटापुढे पंडिता रमाबाई

आपल्या चंद्रपूर व गडचिरोलीच्या रानप्रदेशातील मंडळ्यांमध्ये एक प्रश्न वारंवार कानी पडतो. ख्रिस्ती झाले म्हणजे काय काय खावे लागते? शेजारी तो कुत्सितपणे विचारतात, नवा शिष्य भीत भीत विचारतो, आणि पुष्कळदा आपण त्यास हसून उत्तर देतो व पुढे जातो. दुसरा प्रश्न अलीकडचा आहे. वैनगंगेच्या काठची आपली मुलेमुली शिक्षणास्तव अथवा रुग्णसेवेच्या चाकरीस्तव दूरच्या शहरी, कधी परमुलखीही जातात, आणि त्यांचा पहिला निरोप घरी येतो तो बहुधा जेवणाविषयी असतो. भात मिळतो, पण तो आपला नव्हे. जवसाची चटणी नाही, आंबाडीची भाजी नाही, लाखोळीच्या डाळीचे नाव कोणास ठाऊक नाही. आई ऐकते आणि चुलीपुढे बसून डोळे पुसते. हे दोन्ही प्रश्न एका थोर ख्रिस्ती स्त्रीच्या आयुष्यात एकाच वेळी, एकाच ताटापुढे उभे राहिले होते. तिचे नाव पंडिता रमाबाई. तिचे चरित्र ह्या पत्राच्या वाचकांस अपरिचित नाही. तथापि ह्या एका बाजूने ते फारसे सांगण्यात येत नाही, म्हणून हा प्रयत्न.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ नावाच्या ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकविणे हे त्या काळी पाप मानीत असत. तरी त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई हीस ते शिकविले, व पुढे लक्ष्मीबाईने तेच धन रमेस दिले. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत हिंडत असे. देवळात पुराण वाचावे, श्रोत्यांनी जे फळ, धान्य, पैसा ठेवावा त्यावर निर्वाह करावा, उरेल ते दान करावे, अशी रीत होती. सोवळ्याओवळ्याचे नियम कडक. कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या हातचे पाणी प्यावे, ह्याचा निर्णय जन्मानेच झालेला. रमेच्या बाळपणी अन्न म्हणजे धर्माचाच एक भाग होता.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात हे कुटुंब असता जवळचा पैसा संपला, दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी गेली. अंगमेहनतीची सवय कोणासच नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे. शेवटी रानात शिरून झाडांची पाने खाण्याची वेळ आली. पुढे वडील वारले. काही दिवसांनी आई अंथरुणास खिळली. तेव्हा सोळा वर्षांची रमा भाकरीचा तुकडा मागण्यासाठी एका ब्राह्मण बाईच्या दारी गेली. पण तोंडातून शब्दच निघेना, केवळ अश्रू वाहू लागले. त्या बाईने ओळखून विचारपूस केली व भाकर दिली. रमा ती घेऊन धावत आली, परंतु आईच्या अंगी घास गिळण्याचे त्राण राहिले नव्हते. आई वारली तेव्हा तिरडीस खांदा देण्यास पुरती माणसे मिळाली नाहीत. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. ती ठेंगणी असल्यामुळे तिने आपला भार खांद्यावर नव्हे, डोक्यावर वाहिला. थोरली बहीणही पुढे त्याच हालात गेली.

बहीणभाऊ पायी उत्तरेकडे चालत गेले. हजारो मैल चालले. कधी मूठभर धान्य पाण्यात भिजवून मीठ लावून खाल्ले, कधी रानातली बोरे त्यांच्या जाड सालीसकट व बियांसकट गिळली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या दिवसांत पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून त्यात निजावे आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यावी. मोहफुले व कंद ह्यांवर दुष्काळ काढलेल्या आपल्या वाडवडिलांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांस हे वर्णन निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु पुढे इंग्लंडात जे घडले ते वाचताना ही भुकेली मुलगी वाचकांनी डोळ्यांपुढे ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमेची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. त्याच शहरी त्यांस प्रथमच एका ख्रिस्ती मेळाव्याचे आमंत्रण आले. आपल्यासारखीच दिसणारी देशी माणसे साहेबलोकांच्या पंक्तीस बसून चहा पितात व बिस्किटे खातात, हे पाहून दोघांस धक्काच बसला. कलियुग आता पुरते आले, ह्याविषयी त्यांची खात्री झाली. नंतर प्रार्थनेच्या वेळी मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकू लागली, तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय असे त्यांस वाटले! वाचकांस हसू येईल. पण आपल्या गावी प्रथम उपासना झाली त्या वेळी दाराशी उभे राहून पाहणाऱ्यांस काय वाटले असेल, ह्याचाही विचार करावा.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. जातीचे बंधन त्यांनी ह्या वेळीच तोडले होते, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे व पुढे तिचे काम पडणार आहे. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. बाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, मिस हरफर्ड ह्यांच्याजवळ इंग्रजी शिकल्या. वैद्यकी शिकून आपल्या देशभगिनींची सेवा करावी ह्या हेतूने, पुस्तकाच्या पैशांतून प्रवासखर्च काढून, १८८३ च्या एप्रिलात त्या मुंबईहून विलायतेस निघाल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची सोबतीण. त्या सोबतिणीचा काही महिन्यांतच तेथे अतिशय दुःखद रीतीने अंत झाला. श्रवणदोषामुळे बाईंचा वैद्यकीचा बेतही राहिला.

त्यांचा मुक्काम वाँटेज ह्या लहानशा गावी सेंट मेरी दि व्हर्जिन नामक भगिनीसंघाच्या मठात होता. ह्याच संघाच्या भगिनी पुण्यात काम करीत असल्यामुळे ओळख होती. तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाईंचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. आध्यात्मिक माता म्हणून सिस्टर जेराल्डिन ह्यांची नेमणूक झाली. ह्या बाई मनाच्या चांगल्या होत्या, त्यांचे रमाबाईंवर प्रेम होते, मनोरमेवर तर फारच होते. तंटा पडला तो प्रेमाच्या अभावामुळे पडला नाही. आणि म्हणूनच तो समजून घेण्याजोगा आहे.

इंग्रजी मठातील जेवण म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. मांस तर असेच. परंतु मांस बाजूला सारले म्हणजे सुटका झाली असे होत नाही, ही गोष्ट परदेशी जाणाऱ्या शाकाहारी मनुष्यास पहिल्या आठवड्यातच कळते. सूप म्हटले की ते हाडांच्या रशाचे. पाय नावाचा जो पदार्थ आहे, त्यात आत फळ असले तरी वरची पारी बहुधा डुकराच्या चरबीने मळलेली. पुडिंगात अंडी, कधी गुरांची चरबी. जेली म्हणून जी थलथलीत गोड वस्तू वाढतात, ती प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून काढलेल्या सरसाने बांधलेली. ताटात काही ओळखता येत नाही. प्रत्येक वाढपाला हे कशाचे केले म्हणून विचारावे, तर यजमानास तो अपमान वाटतो. न विचारावे, तर मन खात नाही. उरते काय? उकडलेला बटाटा, उकडलेली कोबी, गाजर, वाटाणे. ही सर्व मिठाच्या पाण्यातून काढलेली, फोडणी नाही, तिखट नाही. पाव, लोणी व दूध मात्र भरपूर.

वाण्याच्या दुकानी काही मिळत नसे असे नाही. त्या काळी इंग्लंडात आपल्या देशचा पाटणा तांदूळ विकत मिळे. पण तेथील लोक तो बहुधा दुधासाखरेत घालून पुडिंग करीत. मिसर देशची तांबडी डाळ मिळे. करी पावडर ह्या नावाने हळद, धणे, मिरी वगैरेंची पूड डब्यांतून व बाटल्यांतून विकत असत, जणू आपल्याकडील सर्व भाज्यांस एकच मसाला लागतो! ज्वारी, बाजरी व तूप ह्यांची आशा करू नये. म्हणजे ज्याच्या हाती स्वतःची चूल व स्वतःची पिशवी आहे त्याचा निभाव लागण्यासारखा होता. परंतु मठात राहणाऱ्या पाहुणीची चूल कोठली? पाच वर्षांनी, १८८८ साली, मोहनदास गांधी नामक तरुण लंडनास गेला. त्याचीही प्रथम अशीच उपासमार झाली. पण तो मोठ्या शहरात होता, पायी हिंडून त्याने शाकाहारी खाणावळ शोधून काढली व तेथे पहिल्यांदा पोटभर जेवला. वाँटेजसारख्या आडगावी तसली सोय कोठून असणार?

रमाबाईंनी मांस, मासे व अंडी घेतली नाहीत. बाप्तिस्म्यापूर्वी घेतली नाहीत, आणि नंतरही घेतली नाहीत. ह्या दुसऱ्या गोष्टीने भगिनींच्या मनात शंका उत्पन्न झाली. ख्रिस्ताचा स्वीकार केल्यावरही जर ही बाई अंडे घातले म्हणून पुडिंग परत सारते, तर ब्राह्मणपणाचा अभिमान हिच्या मनातून गेला नाही असेच म्हटले पाहिजे, असे सिस्टर जेराल्डिन ह्यांस वाटू लागले. आणि हा अभिमान मोडणे हे आपले मातृकर्तव्य आहे असेही वाटू लागले. गर्व हे मोठे पाप आहे ह्यात संशय नाही, आणि तो अन्नाच्या मिषाने लपून बसतो हेही खरे आहे. आपल्या देशात तर तो फार जुना भाडेकरू आहे. तेव्हा सिस्टरबाईंची शंका अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या स्त्रीने जातीबाहेर लग्न केले, जी सर्वांच्या पंक्तीस बसत होती, जिला कोणाच्या हातच्या स्पर्शाचा विटाळ वाटत नव्हता, तिने प्राणी मारून केलेले अन्न नको म्हटले, तर त्यास जातीचा अभिमान कसे म्हणावे? कोणाच्या हातचे, हा प्रश्न तिने केव्हाच सोडला होता. कशाचे, एवढाच प्रश्न तिने ठेवला होता. ह्या दोहोंतील भेद मठातील त्या सत्शील स्त्रियांच्या ध्यानात आला नाही.

पत्रे चालू झाली. बाई १८८४ पासून चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात मिस डोरोथिया बील ह्यांच्या देखरेखीखाली शिकत व संस्कृत शिकवीत होत्या. तेथून वाँटेजला पत्रे जात व तेथून उत्तरे येत. वाद धर्मशास्त्राचाही होता, त्रैक्याविषयी, मंडळीच्या अधिकाराविषयी, मनोरमेच्या शिक्षणाविषयी. तो सर्व येथे सांगण्यास जागा नाही. पण त्या मोठ्या वादामध्ये हा ताटाचा वाद पुनःपुनः डोके वर काढी. पुडिंगापासून निघालेले गाऱ्हाणे लोणी, दूध, भात, पायांतील बूटमोजे, एवढेच काय पण शेगडीत जळणाऱ्या कोळशापर्यंत गेले! तेव्हा बाईंनी उपरोधाने कळविले की, ह्या सर्व वस्तूंत माझा गर्व शोधावयाचा असेल तर खुशाल शोधावा. आपल्या मनात जुन्या रीतींचा काही अंश राहिला आहे हे त्यांनी नाकारले नाही. परंतु पूर्वजांच्या ज्या चाली कोणास अपाय करीत नाहीत त्या टाकून देण्याची आज्ञा ख्रिस्ताने केली आहे असे त्यांस आढळले नाही. आणि आपण ख्रिस्ती असूनही हिंदी स्त्री आहोत हे सांगण्यास त्यांस संकोच वाटला नाही. उलट त्यांनी एक प्रश्न टाकला, तो असा की, एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत राहावयास गेली आणि तिने आपल्या निरुपद्रवी चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले तिला आवडेल काय?

ह्या प्रश्नाचे वजन आपल्यासारख्यांस अधिक कळते. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीचे मिशन चांद्यास होते. इतर मिशनांचे गोरे कामकरीही ह्या प्रांती पुष्कळ आले. जंगलात फिरतीवर निघाले तरी अशा मंडळींबरोबर चहा, पाव व डबाबंद पदार्थ असत. त्यांच्या पोटास जे मानवे ते ते खात. आपल्या लोकांनी त्यांस गर्विष्ठ म्हटले नाही. दूर देशची माणसे आहेत, त्यांचे जेवण निराळे, इतके म्हणून सोडून दिले. तोच न्याय उलट दिशेने लागू करावा, एवढेच बाईंचे मागणे होते.

शास्त्राचा आधार पाहू गेल्यास दोन्ही पक्षांस सापडतो, ही त्यातील अडचण आहे. प्रभूने शिष्यांस घरोघर पाठविताना पुढे वाढतील ते खाण्यास सांगितले. पेत्रास यापो येथे चादरीचा दृष्टांत झाला. मठाच्या बाजूने हे दाखविता येते. परंतु बाबेलात नेलेल्या दानिएलाने राजाच्या ताटातील पक्वान्न नाकारून दहा दिवस शाकभाजी व पाणी मागून घेतले. त्यालाही परदेशात, परक्याच्या स्वयंपाकघरावर अवलंबून राहूनच हे करावे लागले होते. आणि पौलाने रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात भाजीपाला खाणारा व सर्व काही खाणारा ह्या दोघांविषयी जे शिकविले आहे, ते तर जणू वाँटेजच्या भोजनगृहासाठीच लिहिले असावे. वाचकांनी तो अध्याय घरी उघडून अवश्य वाचावा.

त्याच १८८३ साली दुसरी एक महाराष्ट्रीय तरुणी निराळ्या वाटेने समुद्र ओलांडून गेली होती. आनंदीबाई जोशी, कल्याणची, वय अठरा. ती रमाबाईंची दूरची नातलगही लागत असे. एप्रिलात कलकत्त्याहून निघून ४ जून रोजी ती न्यूयॉर्कास उतरली. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तिला पोटच्या मुलीप्रमाणे सांभाळले; त्या घरी ती आपल्या हाताने आपल्याकडचे पदार्थ रांधी व यजमानीण ते कौतुकाने खाई. एका घराने अशी मोकळीक दिली म्हणजे परदेशही सुसह्य होतो. परंतु ऑक्टोबरात फिलाडेल्फियास स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात ती गेली, तेव्हा एकटीची खोली वाट्यास आली. हाडे गोठविणारी थंडी, धुराने भरणारी शेगडी, दिवसभर वर्ग व रात्री अभ्यास. स्वयंपाक स्वतः करावा तेव्हा आपले अन्न मिळणार. मांसाहार तिने घेतला नाही, कारण हिंदू म्हणून गेले तशीच परत येईन असे वचन देऊन ती निघाली होती. थकून आलेल्या एकट्या विद्यार्थिनीचा स्वयंपाक किती होतो, हे ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले आहेत त्यांस विचारा. पहिल्याच वर्षी आजार सुरू झाले.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंस वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभास उपस्थित राहावे म्हणून कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली ह्यांनी रमाबाईंस बोलाविले होते. वादळी समुद्र ओलांडून त्या आठवडाभर आधी फिलाडेल्फियास पोहोचल्या. एक हिंदू राहिलेली, दुसरी ख्रिस्ती झालेली. दोघींनीही परदेशी मांस शिवले नव्हते. कोणाच्या मनात असे येईल की मग धर्माने फरक काय पडला? मला तर ह्यातच धर्म म्हणजे ताट नव्हे ह्याचा उत्तम पुरावा दिसतो. आनंदीबाई त्याच वर्षी हिंदुस्थानास परतल्या त्या क्षयाने जर्जर होऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षे पुरी होण्यास महिना उरला होता. क्षय हा जंतूंचा रोग आहे व तो केवळ अपुऱ्या अन्नाने होत नाही. तथापि अपुरे अन्न, थंडी व अतिश्रम ह्यांनी शरीर खंगले म्हणजे त्या रोगास दार उघडे मिळते, हे आज कोणताही वैद्य सांगेल. आपल्या मुलामुलींस परगावी धाडताना नेमके काय खाशील, कोठे रांधशील, पैसा पुरेल काय, हे विचारणे म्हणजे लाड नव्हेत.

अमेरिकेत रमाबाईंची प्रकृती टिकली. तेथे त्यांच्यावर कोणाची धर्ममाता म्हणून देखरेख नव्हती. पाहुणी म्हणून ज्या ज्या घरी त्या उतरत, तेथे त्यांचा शाकाहार व त्यांचे पांढरे लुगडे हे एका दूरदेशीच्या विदुषीचे वैशिष्ट्य म्हणून आदराने स्वीकारले जाई. इंग्लंडात जे हट्ट ठरले तेच अमेरिकेत शील ठरले! मनुष्याचे नाव कोणी व कोठे ठेवावे ह्यावर किती अवलंबून असते पाहा. १८८७ साली त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियास निघाले, त्याच वर्षाअखेर बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि देशभर व्याख्याने देत फिरून त्या १८८९ च्या आरंभी जपानमार्गे मुंबईस परतल्या. युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त हे त्यांचे मराठी पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले; त्यात त्या लोकांच्या घरगुती राहणीचेही वर्णन आहे. परदेशची माणसे कशी राहतात हे इतक्या बारकाईने पाहणारी मराठी स्त्री तोपर्यंत विरळाच.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. आता स्वयंपाकघराच्या किल्ल्या रमाबाईंच्या कमरेस होत्या, आणि ताटापुढे बसणाऱ्या मुली होत्या ब्राह्मण विधवा. बाई ख्रिस्ती, मुली सोवळ्यातल्या. वाँटेजचा प्रसंग जणू उलटा होऊन पुढे आला. बाईंनी काय केले? मुलींस आपापल्या जातीचे खाण्यापिण्याचे नियम पाळण्याची पूर्ण मोकळीक दिली व तशी निराळी व्यवस्था ठेवली. माझ्या पंक्तीस बसा म्हणून कोणास भाग पाडले नाही. पुढे १८९३ साली काही मुलींचा कल ख्रिस्ताकडे होऊ लागला तेव्हा शहरात मोठा गहजब होऊन अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या, ही गोष्ट निराळी. त्या गहजबातही बाईंनी कोणास बळाने बाटविणारे अन्न खाऊ घातले, असे म्हणण्यास जागा नव्हती. आणि हे सर्व कोणत्या पुण्यात? जेथे १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहाबिस्किटांचा उपचार झाला म्हणून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक ह्यांसारख्यांवर ग्रामण्य उठले, व पुढे प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली त्या पुण्यात. तेथे कोण कोण होते त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणणारा गृहस्थ म्हणजे आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी! एका पेल्याने केवढे वादळ होते ते पाहा.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात हाहाकार उडाला. आपला चांदा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतातच मोडत असे. वर्तमान ऐकताच बाईंस वीस वर्षांपूर्वीचे आपले रान, आपली आई व ती भाकर आठवली, आणि त्या स्वतः नर्मदेकडील जिल्ह्यांत निघाल्या. मदतीच्या छावण्यांत व रस्त्यांवर अनाथ मुली व तरुण विधवा कोणत्या दशेत पडल्या आहेत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. सुमारे ३०० जणी त्यांनी आणविल्या. पुण्यात प्लेगाची साथ असल्यामुळे इतक्या जणींस शहरात ठेवण्याची सोय नव्हती; तेव्हा शारदासदनास उत्पन्न व्हावे म्हणून केडगावी फळझाडांकरिता जी जमीन पूर्वी घेतली होती, तेथे झोपड्या व तात्पुरती घरे उभारली. मुक्तिसदन ते हेच. ह्या मुली ब्राह्मण नव्हत्या. नाना जातींच्या, नाना बोलींच्या. कोणी दुष्काळात चोरून खाल्ल्यामुळे मार खाल्लेल्या, कोणी पाने व माती चघळलेल्या. त्यांच्यापुढे रोज दोन वेळा शिजलेले अन्न ठेवणे हेच त्या वर्षी केडगावचे पहिले सुवार्ताकार्य झाले. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतून आणखी शेकडो आल्या. विहिरी खणल्या, भाजीचे मळे केले, गाईम्हशी पाळल्या, तेलाचे घाणे व हातमाग चालविले, छापखाना घातला. संस्थेचे पोट बहुतांशी संस्थेच्याच जमिनीने भरावे असा त्यांचा प्रयत्न असे. स्वतः बाईंचे जेवण शेवटपर्यंत साधे व शाकाहारी राहिले.

सिस्टर जेराल्डिन ह्यांच्याशी पत्रव्यवहार तुटला नाही. मतभेद मिटले नाहीत, पण ती पत्रे सिस्टरबाईंनी फाडून टाकली नाहीत. जपून ठेवली, नीट लावून ठेवली, आणि ज्या ताटावरून दोघींचे बिनसले होते त्याची हकीकत आज आपल्यास ठाऊक आहे ती त्यामुळेच. आपल्याविरुद्ध गेलेला कागद जतन करून ठेवणे हेही सोपे नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. रमाबाई त्या वेळी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलाचे काम संपवीत होत्या. गावातल्या साध्या स्त्रियांस समजेल असे भाषांतर असावे ही त्यांची इच्छा होती. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली त्यांच्याच छापखान्यातून, मुक्तिसदनातील मुलींच्या हातांनी छापून बाहेर पडले.

केडगाव पुणे-दौंड लोहमार्गावर आहे. चंद्रपूराहून पुण्याकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींनी वाटेत उतरल्यास मुक्तिमिशन आजही पाहावयास मिळते, आणि तेथील स्वयंपाकघर चालू आहे.